उतावळा तुळाजी आणि पापुद्री मासे

चारी बाजूंनी डोंगर होते, मधे निळंशार तळं होतं आणि तळ्याच्या काठाला मासेमारांची थोडी घरं होती. त्यांतल्या एका घरात तुळाजी राहायचा. मनाने चांगला, अंगाने धडधाकट, पण त्याला एका जागी म्हणून बसवत नसे. जेवायला बसला तर शेवटचा घास तोंडात आणि पाय उंबऱ्याबाहेर. देवळात गेला तर आरती संपायच्या आत चपला पायात. कुणी बोलू लागलं तर समोरच्याचं वाक्य हाच पुरं करून टाकायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं.

त्या तळ्यात तळहाताएवढा एक रुपेरी मासा मिळायचा. त्याला सगळे पापुद्री म्हणत, कारण त्याचे ओठ कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ असत. पाण्यात बुडालेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये हे मासे थव्याने राहत. तिथे जाळं टाकलं की अडकून फाटायचं. म्हणून लोक ते मासे गळाने धरत. बांबूची बारीक काठी, लांब दोरा, दोऱ्याच्या टोकाला शिशाचा मणी आणि नखाएवढा गळ, आणि गळावर बांधलेला पिसांचा झुपका. तो फांद्यांच्या कडेने अलगद खाली सोडायचा, किंचित नाचवायचा आणि वाट बघायची. माशाला वाटायचं, एखादा किडा आहे. तो यायचा, घुटमळायचा, मग हळूच ओठांत धरायचा. दोरा जेमतेम थरथरायचा. तेवढं कळलं की काठी सावकाश वर घ्यायची. हिसका दिला की माशाचा ओठ फाटायचा आणि मासा निसटून जायचा.

तुळाजी हिसका द्यायचा.

रोज ठरवायचा, आज हळू उचलीन. पण दोरा थरथरला की त्याचा हात त्याचं ऐकायचा नाही. आणि दोरा थरथरला नाही तर तो लगेच होडी दुसरीकडे हाकायचा. तिथेही घटकाभर थांबला की तिसरीकडे. दिवसभर तळ्यावर त्याच्याच वल्ह्याचा आवाज.

"अरे, थांब की जरा! आमचे मासे बिथरवतोस," बाकीचे ओरडायचे.

"थांबलो तर मासे निघून जातील," तुळाजी म्हणायचा आणि पुढे जायचा.

संध्याकाळी सगळ्यांच्या टोपल्या भरलेल्या असत. तुळाजीच्या टोपलीचा तळ दिसत असे. एकट्या माणसाचं पोट त्यावर भरत होतं, म्हणून कुणी फार काही म्हणत नसे.

मग तुळाजीने पाट लावला. बायकोचं नाव सगुणा. ती वर पठारावरच्या गावची. तिचा पहिला नवरा तापाने गेला होता. तिला एक मुलगी होती, ठकू. दुधाचे दात नुकतेच पडायला लागलेली, मोठ्या डोळ्यांची, गप्प गप्प मुलगी.

तुळाजीला फार आनंद झाला. रिकाम्या घरात एकदम दोन माणसं आली! त्याने मनाशी पक्कं केलं, या पोरीला बापाची उणीव भासू द्यायची नाही. आणि जे करायचं ते आजच्या आज करायचं.

पहिल्याच दिवशी त्याने ठकूसाठी लाकडी घोडा आणला. ठकूने तो घेतला नाही. ती आईच्या पदरामागे गेली. दुपारी त्याने गूळ आणला. तिने मान फिरवली. संध्याकाळी अंगणातल्या आंब्याला झोका बांधला आणि तिला उचलून त्यावर बसवलं. ती झोक्यावरून उतरली आणि उंबऱ्यात जाऊन बसली. तोंड पठाराच्या वाटेकडे.

"अगं, ही बोलत का नाही?" तुळाजीने सगुणाला विचारलं.

"अहो, आजच तर आलीय. रुळेल हळूहळू."

"हळूहळू म्हणजे केव्हा?"

सगुणा हसली. पण तुळाजी हसला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने शेळीचं पिल्लू आणलं. त्यानंतर रंगीत बांगड्या. मग पोपट. पोपट आणला तेव्हा ठकूने मान वर करून एकदा पाहिलं, तसा तुळाजी धावतच तिच्याजवळ गेला. "आवडला? आवडला ना? नाव काय ठेवायचं? राघू ठेवू या? बोल की! अगं, बोल की!"

ठकूने डोळे घट्ट मिटून घेतले.

असे दिवस जात राहिले. ठकू तुळाजीशी एक शब्द बोलत नव्हती. तो घरात आला की ती बाहेर जायची, तो बाहेर आला की आत. तो समोर असला की तिला घास गिळवत नसे. ती वाळत चालली होती. तुळाजीच्या जिवाला घोर लागला. तळ्यावर गेला की त्याला वाटायचं, आता ती बोलली असेल आणि आपणच घरी नाही. मग तो मासे सोडून घरी यायचा. घरी आला की ती गप्पच. मग तो पुन्हा तळ्यावर जायचा. धड मासे नाहीत, धड घर नाही.

अशातच सगुणाचा भाऊ पठारावरून बहिणीला भेटायला आला. त्याने भाचीचे हात पाहिले, गालफडं पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"सगुणा, पोर निम्मी झालीय. हिला मी घेऊन जातो. माझ्या पोरांत राहील."

"दादा, थोडे दिवस दे," सगुणा म्हणाली.

"बरं. देवीच्या जत्रेला मी परत येईन. तोवर रुळली तर तिचं घर हेच. नाही रुळली तर मी घेऊन जाईन. दाजी, राग मानू नका, पण लेकरू असं झुरताना मला बघवत नाही."

भाऊ गेल्यावर सगुणा चुलीपुढे बसून राहिली. भाकरी तव्यावर करपली तरी तिला कळलं नाही.

"तिला नेलं तर मी इथे राहीन हो," ती म्हणाली. "पण माझा जीव इथे राहायचा नाही."

त्या दिवसापासून तुळाजीच्या पायाला जी भिंगरी लागली ती थांबेना. जत्रा जवळ येत होती. त्याला वाटे, काहीतरी करायला हवं, आत्ता, या क्षणी. आणि एका सकाळी त्याच्या डोक्यात आलं, आपण पोरीला तळ्यावरच नेलं नाही! पाणी पाहिलं, होडीत बसली, की हसेल. पाण्यात हात घातला की कोण हसत नाही?

ठकू काठावर उभी होती. पठारावर तळं नव्हतं. एवढं पाणी तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ती त्याच्यापासून चार हात लांबच राहायची.

"चल, होडीत बसू," तुळाजी म्हणाला.

ठकू मागे सरली.

"अगं, मजा येते. चल."

ती आणखी मागे सरली. तुळाजीने तिचा हात धरला. ती अंग ताठ करून उभी राहिली. त्याने तिला उचललं आणि होडीत ठेवलं. होडी डुचमळली. ठकूने जी किंकाळी फोडली ती पलीकडच्या डोंगरापर्यंत गेली. तिने तुळाजीच्या हाताला चावा घेतला, उडी मारली, चिखलात पडली, उठली. तुळाजीने तिला धरायला हात टाकला तो झग्याच्या बाहीवर पडला. बाही टर्रकन फाटली आणि त्याच्या मुठीत राहिली. ठकू लव्हाळ्यातून पळत सुटली.

सगुणा धावत आली. तिने नवऱ्याच्या मुठीतली बाही पाहिली.

"काय केलंत हे?"

"मी तिला हसवायला..."

"भीतीने मेली असती ती! तुम्हाला कुणी सांगितलं होतं हसवायला? तिचं रडूसुद्धा अजून संपलेलं नाही!"

तुळाजी खाली मान घालून उभा राहिला. बाहीचा तुकडा कुठे ठेवावा हेही त्याला सुचेना.

थोड्या वेळाने ठकू आपली आपण घरी येईल असं दोघांना वाटलं. ती आली नाही. सगुणाने हाका मारल्या. ओ आली नाही. घरामागे नाही, गोठ्यात नाही, देवळात नाही. आता मात्र सगुणाच्या तोंडचं पाणी पळालं. ती पठाराच्या वाटेने धावली. तुळाजीने होडी पाण्यात ढकलली आणि काठाकाठाने शोधत निघाला.

तळ्याच्या एका अंगाला काठ खचून एक मोठा उंबर पाण्यात आडवा पडला होता. त्याची मुळं काठावर, खोड पाण्यावर आणि सगळ्या फांद्या पाण्यात बुडालेल्या. पापुद्रीचा सगळ्यात मोठा थवा तिथेच असायचा. पण तिथलं पाणी खोल होतं, आणि खाली फांद्यांची अशी गुंतागुंत होती की पट्टीचा पोहणाराही तिथे उडी मारत नसे.

त्या खोडाच्या टोकाजवळ ठकू बसली होती.

लपण्यासाठी ती चालत टोकापर्यंत गेली असणार, आणि तिथे गेल्यावर खाली पाणी दिसलं असणार. आता तिला ना पुढे जाता येत होतं ना मागे. ती एका वाळक्या फांदीला दोन्ही हातांनी चिकटून बसली होती. एक बाही नव्हती. उघडा दंड थरथरत होता.

"ठकू!" तुळाजी ओरडला. "हलू नकोस! आलो, मी आलो!"

त्याने जोरात वल्हं मारलं. ठकूने त्याला येताना पाहिलं आणि ती त्याच्यापासून दूर, आणखी टोकाला सरकली. फांदी कडाडली. होडीमुळे उठलेली लाट खोडापर्यंत गेली आणि सगळं झाड पाळण्यासारखं हललं. ठकूचा एक पाय पाण्यात गेला.

तुळाजीने वल्हं थांबवलं.

त्याच्या लक्षात आलं, आपण एक हात पुढे गेलो की ती एक हात मागे जाते. आणि तिच्या मागे आता फक्त पाणी आहे.

त्याचं अंग अंग म्हणत होतं, झेप घे, धर तिला, ओढ. पण त्याच्या हाताला सकाळच्या चाव्याची खूण होती आणि कमरेला खोवलेला बाहीचा तुकडा होता. मदत बोलवायला काठावर जावं, तर तेवढ्यात फांदी तुटायची. ओरडावं, तर ती घाबरून सरकायची. करण्यासारखं काहीच नव्हतं.

तुळाजीने वल्हं होडीत आडवं ठेवलं आणि तो खाली बसला.

आयुष्यात त्याने इतकं अवघड काम केलं नव्हतं. गुडघा आपोआप हलू लागला, तो त्याने हाताने दाबून धरला. मग हात थरथरायला लागले. त्यांना काहीतरी काम हवं म्हणून त्याने काठी उचलली आणि पिसांचा गळ हळूच फांद्यांच्या कडेला सोडला. ठकूकडे त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला राहवलं नसतं. तो दोऱ्याकडे पाहत राहिला.

वारा पडला. लाटा निवल्या. झाड हलायचं थांबलं.

दोरा जरासा थरथरला. तुळाजीचा हात हिसका द्यायला निघाला आणि त्याने तो थांबवला. हिसका दिला तर होडी हलेल. होडी हलली तर झाड हलेल. त्याने श्वास रोखून काठी इतकी हळू उचलली की दोऱ्यावरचं पाणी थेंब थेंब पडताना दिसत होतं. पापुद्री वर आली. रुपेरी, थंड, ओठ शाबूत.

"मेला?"

आवाज इतका बारीक होता की तुळाजीला आधी तो खरा वाटला नाही. ठकू बोलली होती. त्याच्याशी, पहिल्यांदा! त्याच्या मनात उठलं, ओरडावं, हसावं, दहा गोष्टी विचाराव्यात. त्याने दात ओठांत रोवले.

"नाही," तो हळूच म्हणाला. मान वळवली नाही.

मासा गळावर वळवळला.

"दुखतंय त्याला?"

"थोडं दुखत असेल."

"सोडा मग."

तुळाजीने गळ काढला आणि मासा पाण्यात सोडला. मासा क्षणभर तिथेच राहिला, मग गेला. तुळाजीने पुन्हा गळ खाली सोडला नाही. नुसता बसून राहिला.

"ते पीस कशाचंय?" ठकूने विचारलं.

"रानकोंबड्याचं."

"आमच्याकडे पण असायचे रानकोंबडे." ती थांबली. "बाबा दाखवायचे मला."

एरवी तुळाजी लगेच म्हणाला असता, मीही दाखवीन, उद्याच दाखवतो, चल! आज तो म्हणाला, "अस्सं," आणि वाट पाहिली.

मग ठकू बोलत राहिली. तुटक तुटक. बाबा शीळ घालायचे. बाबांचं पागोटं अजून मामाच्या घरी आहे. बाबांना ताप आला तेव्हा तिला खोलीत जाऊ दिलं नव्हतं. तुळाजी ऐकत होता. एकही वाक्य त्याने पुरं केलं नाही. बोलता बोलता ठकू रडायला लागली आणि खूप रडली. तेव्हाही तो हलला नाही, पण त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो ते पुसत नव्हता.

शेवटी तिने नाक ओढलं.

"होडी उलटते का?"

"मी उड्या मारल्या तर उलटते. गप बसलो तर नाही."

"मग गप बसाल?"

"बसतो."

ठकू खोडावरून सरकत सरकत येऊ लागली. वीतभर सरकायची, थांबायची. तुळाजीने हात पुढे केला नाही. होडी एव्हाना वाहत येऊन खोडाला टेकली होती; तिची कड त्याने दोन्ही हातांनी खोडाला घट्ट धरून ठेवली, एवढंच. तिने एक पाय होडीत टाकला. इतक्यात ओल्या सालीवरून तिचा दुसरा पाय निसटला आणि ती कोलमडली. तुळाजीने कड सोडली असती तर होडी खोडापासून लांब गेली असती आणि ती मधल्या पाण्यात पडली असती. त्याने कड सोडली नाही. त्याने फक्त आपला खांदा तिच्याकडे झुकवला.

ठकूने तो खांदा धरला, दोन्ही हातांनी. आणि होडीत आली.

काठावर सगुणा उभी होती. ती केव्हा आली होती कुणास ठाऊक. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, आवाज फुटू नये म्हणून. लेक काठाला लागल्यावर तिने तिला मिठीत घेतलं तेव्हा कुठे ती मोठ्याने रडली.

घरी गेल्यावर सगळं एकदम बदललं असं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ठकू पुन्हा गप्पच होती. तुळाजीला वाटलं, झालं, पुन्हा पहिल्यासारखं. त्याचे पाय बाजाराकडे वळलेही, काहीतरी आणू या म्हणून. मग तो परत फिरला आणि अंगणात गळाला पिसं बांधत बसला. ठकू उंबऱ्यात बसली होती. बऱ्याच वेळाने ती येऊन त्याच्यापासून जरा लांब बसली. त्याने मान वर केली नाही. पुढच्या दिवशी ती थोडी जवळ बसली. त्यानंतर कधीतरी तिने दोरा धरून दिला. आणि एका सकाळी तो होडीकडे निघाला तेव्हा ती त्याच्या मागे चालत आली आणि आपली आपण होडीत चढली.

तुळाजीचा गुडघा अजूनही हलायचा. तो स्वभाव जाणार कुठे? पण टोपली आता भरू लागली होती.

जत्रेच्या दिवशी मामा पठारावरून उतरला. येताना त्याने ठकूसाठी नवा झगा आणला होता आणि तिला न्यायला घोडंही आणलं होतं. घरात सगुणा पुरणाला डाळ शिजवत होती. तिने भावाला पाणी दिलं आणि बोटाने तळ्याकडे दाखवलं. मामा काठावर गेला.

तुळाजी आणि ठकू होडीत बसले होते. होडी काठालाच बांधलेली होती. काठी ठकूच्या हातात होती.

"ठकू!" मामाने हाक मारली. "बघ, घोडं आणलंय! येतेस ना माझ्याबरोबर?"

तुळाजीच्या मनात आलं, आपणच बोलावं, सांगावं, राहू द्या तिला, ती आता जेवते, हसते. शब्द ओठांपर्यंत आले. पण विचारलं होतं ठकूला. उत्तर तिचं होतं. तो गप्प राहिला. त्याचा गुडघा मात्र जोरजोरात हलायला लागला आणि होडी डुगडुगू लागली.

ठकूने दोऱ्यावरची नजर काढली नाही. तिने एक हात काठीवरून सोडला आणि तुळाजीच्या गुडघ्यावर दाबून ठेवला.

"हलू नको ना," ती कुजबुजली. "मासा आलाय."

इतके दिवस ती त्याला 'तुम्ही' म्हणत होती. आणि परक्या माणसाला कुणी 'हलू नको' म्हणत नाही. काठावर उभ्या असलेल्या मामालाही ते कळलं. त्याने घोड्याचा लगाम झाडाला बांधला आणि तोही आवाज न करता खाली बसला.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते असं: नाजूक जीव ओढून आपला करता येत नाही. त्याच्याजवळ शांत बसावं, आणि यायचं केव्हा ते त्याला ठरवू द्यावं.